उजवीकडचं आसन

१

जपाला बसल्यावर मन कुठे जातं, असं मला कोणी विचारलं तर मी सरळ सांगीन, खाली जातं, श्यामसुंदरच्या चक्कीवर. जबलपुरात चेरीतालमध्ये आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो आणि आमच्या देवघराच्या बरोबर खाली त्याची पिठाची चक्की आहे. मी आचमन करून माळ गोमुखीच्या पिशवीत घातली, की हा गृहस्थ पट्टा चढवतो. फरशी थरथरते, समईची ज्योत थरथरते, आणि माझ्या तोंडातला मंत्रसुद्धा गाडीत बसल्यासारखा हलायला लागतो. पहाटे बसून पाहिलं, उशिरा बसून पाहिलं. त्याला जणू कोणी वर्दी देत असावं.

चक्की थांबली की भाजीवाला येतो. थंडीचे दिवस, मटाराचा हंगाम, त्यामुळे त्याच्या घशाला उसंत नाही. "मटर ले लो, पनागर का मटर!" मी डोळे मिटून मृत्युंजयाला आळवत असतो आणि मनात चाललेलं असतं, की मागच्या वेळी ह्याने दिलेल्या शेंगांत निम्म्या किडक्या होत्या. मग भान येतं. किती मणी ओढले, ओठांतून मंत्र गेला की मटार गेला, काही सांगता येत नाही. पुन्हा मेरुमण्यापासून सुरुवात.

मला याची जास्त चीड यायची, कारण माझी सगळी नोकरी गोंगाटात गेली. रांझीच्या बाजूला डिफेन्सच्या कारखान्यात मी लेथवर होतो, पुढे फोरमन झालो. शेजारच्या माणसाशी बोलायचं तर त्याच्या कानाला तोंड लावावं लागायचं, तिथे माझं काम कधी सुतभर चुकलं नाही. आणि आता रिटायर होऊन, स्वच्छ धोतर नेसून, देवापुढे बसलो, तर एक माळ धड होईना. मी स्वतःवरच दात-ओठ खायचो.

हौस म्हणून बसलो असतो तर सोडूनही दिलं असतं. पण हा जप हेमलतासाठी होता. पावसाळ्यात तिला न्यूमोनिया झाला. दवाखान्यातून घरी आली ती अर्धी होऊन. खोकला गेला नाही. डॉक्टर म्हणाले, फुफ्फुसं फार अशक्त झाली आहेत, एवढी थंडी निघाली म्हणजे मिळवली. आम्हाला मूलबाळ नाही. या घरात तिच्याशिवाय माझं आणि माझ्याशिवाय तिचं कोणी नाही. ही थंडी निघाली पाहिजे, एवढंच मला हवं होतं.

२

बापूंनी संकल्प सांगितला. जबलपुरातल्या निम्म्या मराठी घरांची पूजा-अर्चा बापूच करतात. स्कूटरवर येतात, स्कूटर चालू असल्यासारखे मंत्र म्हणतात आणि पुढच्या घरी पळतात. पण त्या दिवशी त्यांनी जरा वेळ काढला. महामृत्युंजयाचा जप, संक्रांतीपर्यंत पुरा करायचा, रोज ठरलेल्या माळा.

"आणि सपत्नीक करा बरं, श्रीरंगराव," ते म्हणाले. "वहिनींना उजवीकडे बसवायचं. मधे उठायचं नाही, मधे बोलायचं नाही. बोललात की ती माळ वाया गेली समजा."

पाट होते, पण तिला गार लागेल म्हणून मी दोन लोकरी आसनं आणली. माझं काळं, तिचं लाल. उदक सोडताना तिने माझ्या हाताला हात लावला, तो हात फार हलका वाटला.

सुरुवातीला ती बसली. माळ तिला धरवत नसे, म्हणून बोटांच्या पेरांवर मोजायची. अंगठा एकेका पेरावरून फिरायचा, तेवढी बांगडी किणकिणायची. मधेच खोकल्याची उबळ आली की पदर तोंडाला लावून वाकायची आणि माझी माळ तिथेच थांबायची. पुढे थंडी वाढली, तिला बसणं होईना. ती आतल्या खोलीत खाटेवर आणि मी देवघरात. तिचं आसन मात्र मी रोज अंथरत होतो. सपत्नीक संकल्प होता ना.

आता खोकला आतून यायला लागला. आणि खोकल्यामागून हाक. "अहो." कधी पाणी, कधी पांघरूण, कधी उशी. मी मंत्र जोरात म्हणून पाहिला. कानात कापूस घालून पाहिला. पण तिचा आवाज मला कापसातून ऐकू यायचा, तो कानात नव्हे, आणखी आत कुठेतरी लागायचा. उठलो की माळ गेली, नाही उठलो तर माळेत मन नाही.

एका सकाळी खाली चक्की, रस्त्यावर मटार आणि आतून "अहो" असं सगळं एकदम झालं, आणि माझं डोकं फिरलं. माळ टाकून मी आत गेलो.

"हेमा, तुझ्याचसाठी करून राहिलो ना मी हे? काहून बोलावतेस मग दर दोन मिनिटाला?"

"पाणी पाहिजे होतं हो."

"तांब्या तर उशाशी ठेवला आहे."

"हात पोचून नाही राहिला."

मी पाणी पाजलं. ती दोन घोट प्यायली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "जा, बसा तुम्ही. मी नाही बोलावत आता."

मी परत येऊन बसलो. राग गेला नव्हता. उजवीकडचं रिकामं लाल आसन पाहून तो आणखी वाढला. आणि त्या रागातच मला मोतीरामकाका आठवले. त्यांच्या मुलीचं कन्यादान करायचं होतं आणि काकू आदल्याच वर्षी गेल्या होत्या. तेव्हा काकांनी बायकोच्या जागी सुपारी घेतली होती, धोतराच्या निऱ्यांत कमरेला खोचून. बायको नसली तर तिच्या जागी सुपारी चालते, हे आपल्याकडे पोराटोरांनाही माहीत असतं.

देव्हाऱ्यातल्या डब्यातून मी एक सुपारी काढली. लाल आसनावर मधोमध ठेवली, हळद-कुंकू वाहिलं आणि म्हणालो, "ही हेमलता." बापूंना विचारायला पाहिजे होतं. पण ते रांझीला कोणाकडे सत्यनारायणाला गेलेले, आणि मला त्याच क्षणी सगळं मार्गी लावायचं होतं.

३

त्या दिवशी जप लागला.

कसा लागला, सांगतो. चक्की चालू होती, पण ती दुसऱ्या कोणाच्या घराखाली असावी तशी. मटारवाला येऊन गेला असेल. माझ्या बोटांखालून मणी सरकत होते, प्रत्येकावर एक पुरा मंत्र बसत होता, आणि मधे काहीच नव्हतं. एक माळ, दुसरी, तिसरी. एवढ्या दिवसांत मी पहिल्यांदा समाधानाने डोळे उघडले.

एक गोष्ट मात्र जाणवत होती. माझ्या पुटपुटण्यामागे, अगदी जरासा मागे राहून, तोच मंत्र कोणीतरी म्हणत होतं. लहान खोली, चुन्याच्या भिंती, आवाज घुमणारच. मला तर त्याची मदतच होत होती. आपण चुकलो तरी मागचा आवाज सांभाळून घेईल, असं वाटायचं.

आवरताना पाहिलं, तर लाल आसन मधे दबलेलं. लोकर दोन्ही बाजूंनी फुगलेली आणि मधे कोणी बसल्याचा खळगा. सुपारी घरंगळून पुढच्या कडेला गेली होती.

मांजर बसलं असेल, असं मी म्हणालो. पण देवघराचं दार मी लावून घेतो. मग म्हटलं, फरशीला उतार असेल आणि चक्कीच्या हादऱ्याने सुपारी सरकली असेल. एवढ्यावर सोडणारा मी नाही. कारखान्यातून येताना आणलेली, पातळी तपासायची पाणसळ ट्रंकेत होती, ती काढून फरशीवर ठेवली. उतार होता. पण तो मागे, दाराकडे होता. सुपारी पुढे, देवाकडे गेली होती.

मी पाणसळ पुन्हा ट्रंकेत ठेवली. लोकरीवर असं होत असेल, म्हणालो. इतक्या दिवसांनी जप लागला होता, त्यात मला सुपारीसाठी डोकं खपवायचं नव्हतं.

४

त्यानंतर रोजच जप लागू लागला. आणि दुसरी आनंदाची गोष्ट म्हणजे हेमलताचा खोकला कमी झाला. आधी उबळ लहान झाली, मग क्वचित येऊ लागली, मग सकाळच्या वेळी तर अजिबात नाही. डॉक्टरांनी छाती तपासली आणि म्हणाले, "खोकला नाही? मग तर छानच." मी मनात हात जोडले. माझ्या चिडण्याचं, पहाटेच्या गार पाण्याचं, सगळ्याचं सार्थक झालं, असं वाटलं.

फक्त तिचा आवाज बसला. आधी घोगरा झाला, मग कुजबुजल्यासारखा. गळ्याला आराम द्या, येईल, असं डॉक्टर म्हणाले.

एकदा जप आटोपून मी चहा घेऊन आत गेलो, तर ती खाटेच्या कडेपर्यंत सरकलेली, पांघरूण खाली, हात गारठलेले.

"हेमा! अग, पडली असतीस ना!"

तिने काहीतरी म्हटलं. मी कान जवळ नेला.

"बोलावून राहिली होती मी," ती म्हणाली. "काहून आले नाही?"

"मला ऐकू नाही आलं."

"किती वेळ बोलावलं."

"आवाज बसला आहे ना तुझा, म्हणून. हे घे." मी तिच्या हाताशी स्टीलची वाटी आणि चमचा ठेवला. "काही लागलं तर वाजव. मी माळ सोडून येईन, बस?"

हे मी मनापासून म्हणालो होतो. दुसऱ्या दिवशी सबंध जपात वाटी वाजली नाही. उजव्या बाजूला बारीक किणकिण तेवढी होत होती. समईला लटकवलेली घंटी हलत असेल, असं मी धरून चाललो. माळा संपवून आत गेलो, तर वाटी जमिनीवर पडली होती. उचलली. तिच्या काठाला पोचे आले होते, एक-दोन नाही, सगळीकडून. चमच्याची दांडी वाकली होती. हेमलता छताकडे बघत होती. तिच्या डोळ्यांच्या कडेने पाणी वाहून कानापाशी वाळलं होतं.

मी वाटी-चमचा हातात घेऊन वाजवून पाहिला. खणखणीत आवाज आला. खालून श्यामसुंदरने हाक दिली, "क्या हुआ, बाबूजी?"

५

आमच्या देवघराची खिडकी शेजारच्या गच्चीकडे आहे. तिथे अनसूया भाभी वड्या वाळत घालतात. मी तुळशीला पाणी घालत होतो, तेव्हा त्या कठड्याशी येऊन उभ्या राहिल्या.

"भाईसाहब, आज भाभीजी को पूजा में बैठे देखा. जी खुश हो गया."

"किसको देखा?"

"भाभीजी को. लाल आसन पर. उँगलियों पे गिन रही थीं. मैंने आवाज़ नहीं दी, सोचा ध्यान टूट जाएगा."

"वो तो अंदर लेटी है," मी म्हणालो.

"अब लेटी होंगी," त्या हसून म्हणाल्या. "चेहरा भी भर गया है. पहले जैसी लग रही थीं."

मी तांब्या आपटूनच आत आलो. मला त्या बाईचा भयंकर राग आला. माणसाला चष्मा लागला की तो लावावा, उगाच लोकांच्या खिडक्यांतून बघून काहीही सांगू नये. हेमलताचा चेहरा भरला होता? गालांची हाडं वर आली होती तिच्या. मी दिवसभर धुसफुसत राहिलो. संध्याकाळी तिला भात भरवताना तिच्या अंगठ्याकडे लक्ष गेलं. तो पेरांवरून फिरत नव्हता. पांघरुणावर नुसता पडून होता.

६

दुसऱ्या दिवशी जपाला बसलो तो मन मुठीत धरून. लक्ष आज मंत्रातच ठेवायचं, बाकी कशात नाही, असं ठरवलं होतं. आणि लक्ष राहिलंही. हीच तर गंमत होती. त्या खोलीत आता लक्ष मोडतच नव्हतं. मागून येणारा तो दुसरा आवाज आता मागे राहिला नव्हता, बरोबरीने चालत होता.

मग उजवीकडे कोणीतरी खोकलं.

हेमलताचा खोकला मी हजारात ओळखीन. आधी दोन कोरडे, मग एक लांब ओढलेला. पदराआडून आल्यासारखा, दबलेला. माझ्या खांद्यापासून हातभर अंतरावर.

मी मान वळवली नाही. बापूंचा नियम म्हणून नव्हे. मला भीती वाटली. समोर शंकराची तसबीर आहे. तिच्या काचेत खिडकीचा उजेड पडतो आणि उजवीकडचा कोपरा जरासा दिसतो. मी डोळे तिथे नेले.

काचेत एक गुडघा दिसला. जांभळ्या लुगड्याचा, जे आजारपणापासून ट्रंकेत आहे. गुडघ्यावर हात. हात भरलेला होता. बांगडी मनगटात रुतलेली. हेमलताच्या बांगड्या आता कोपरापर्यंत सरकतात, मी दोरा गुंडाळून बसवल्या आहेत. त्या हाताचा अंगठा पेरांवरून फिरत होता, शांतपणे, एकही पेर न चुकवता. वर चेहऱ्याच्या जागी समईचं प्रतिबिंब पडलं होतं आणि त्या प्रकाशात काही दिसत नव्हतं.

मी जप थांबवला नाही. थांबवला तर ती गोष्ट माझ्याकडे वळून बघेल, असं वाटलं. माळ पुरी केली, मेरुमण्याला हात लावला, आणि मग वळलो. लाल आसन, मधला खळगा, सुपारी.

आत धावलो. हेमलता खोकत होती. तोंड उघडत होतं, खांदे उसळत होते, मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या. आवाज नव्हता. ती ज्या खाटेवर उसळत होती तीही गप्प होती. मी खाटेला हात लावून हलवली, तर ती नेहमीसारखी करकरली. हात काढला. ती उसळतच होती आणि खोली शांत होती.

७

बापूंना बोलावून आणलं ते भर दुपारी, जेवणावरून उठवून. स्कूटरवरून उतरतानाच त्यांची कुरकुर चालू होती. मी सगळं सांगितलं नाही. मला सगळं सांगताच आलं नसतं. सुपारीपर्यंत आलो आणि ते जिन्यातच थांबले.

"सुपारी? वहिनींच्या जागी?"

"ती बसू शकून नाही राहिली, म्हणून..."

"अहो, बाई घरात आहे! आत निजली आहे! जित्या बाईच्या जागी, तिच्याच घरात, तिचं नाव घेऊन सुपारी मांडली तुम्ही?" ते एवढे चिडले की मराठीत पुढे शब्द सुचेनात. "हद करते हो यार! किसी से पूछना तो था!"

"तुम्ही रांझीला होते."

"मग थांबायचं ना एक दिवस!"

बापू वर आले. आतल्या खोलीत जाऊन त्यांनी हेमलताच्या डोक्यावर हात ठेवला. देवघराच्या उंबऱ्याशी मात्र थबकले. आत बघून त्यांनी मफलर नीट केला, तो काढला, पुन्हा गुंडाळला.

"उचला आणि ग्वारीघाटला सोडून या," ते हळू म्हणाले. "आजच."

"आणि मग?"

"मग काय ते नर्मदामाई बघेल. मला नका विचारू." चहा न घेता ते उतरले. स्कूटर एका लाथेत चालू झाली नाही, तेव्हा ती ढकलतच कोपऱ्यापर्यंत गेले.

मी देवघरात गेलो. दुपारची चक्की चालू होती, बाहेर ऊन होतं, असल्या वेळी माणसाला भीती वाटू नये. मी वाकून सुपारी उचलली. ती कोमट होती. कोणाच्या तरी मुठीतून आत्ताच सुटल्यासारखी कोमट.

वळून दारातून आत पाहिलं. हेमलताची छाती हलत नव्हती. तोंड अर्धवट उघडं, डोळे पांढरे. मी ओरडलो, काय ओरडलो आठवत नाही, आणि हातातली सुपारी आसनावर ठेवली, फेकलीच म्हणा. आत तिची छाती वर आली. खाली गेली. पुन्हा वर आली.

मी उंबऱ्याला टेकून बसलो. घाम पुसला. कारखान्यात मी कोणतीही तपासणी एकदा करून सोडली नाही, तो स्वभाव काही गेला नव्हता. पुन्हा हात नेला, सुपारी जेमतेम बोटभर उचलली, आणि आत बघत राहिलो. तेच झालं. मी ती परत जागेवर ठेवली, खळग्यात, मधोमध.

८

आता मी जपाला बसत नाही. हेमलताच्या खाटेशी स्टूल घेऊन बसतो. डॉक्टर परवा येऊन गेले. छाती स्वच्छ आहे, वजन तेवढं उतरलं, असं म्हणाले. मी त्यांना काय सांगू? बायकोचा खोकला दुसऱ्या खोलीत आहे, तो आणून द्या?

देवघराचं दार मी ओढून घेतलं आहे. आत जप चालू असतो. एकटीचा. त्याला चक्कीचा त्रास होत नाही, मटारवाल्याचा होत नाही. इतका एकसारखा जप मला साऱ्या जन्मात जमला नसता. सकाळी तो थोडा वेळ थांबतो आणि दाराआडून हेमलता बोलते. आजारपणाआधीचा भरलेला आवाज, ज्या आवाजाने ती खालच्या भाजीवाल्याशी वरूनच भाव करायची.

"अहो, जप अर्धा राहिला ना. या, बसा."

ती पुन्हा म्हणते, "मी नाही बोलावणार मधे. तुम्ही बसा तर."

मी इकडे हेमलताचा हात घट्ट धरतो. पूर्वी ज्या गोष्टीवरून मी तिच्या अंगावर धावून गेलो, तीच आता दिवसभर तिच्यापाशी मागतो. "हेमा, खोक ना. पाहिजे तेवढं खोक. बोलाव मला. दर मिनिटाला बोलाव, मी कुठे जाऊन नाही राहिलो." ती माझ्याकडे बघते. ऐकते. तिला सगळं कळतं, हे तिच्या डोळ्यांवरून मला कळतं, आणि मला रडू येतं. हा राग कोणावर काढू? श्यामसुंदरवर? बापूंवर? ज्याने सुपारी मांडली त्याच्यावर काढावा, तर तो इथेच स्टुलावर बसला आहे.

आज सकाळी थंडी फार होती. संक्रांत आली आहे. खाली चक्की बंद होती, सणाची सुट्टी असेल. रस्त्यावर कोणी नव्हतं. इतकी शांतता मी या घरात कधी ऐकली नव्हती, आणि ती मला सहन होईना. देवघरातला जपही थांबला होता.

हेमलताने माझ्या बोटांवर दाब दिला. तिचे ओठ हलले. मी अगदी जवळ वाकून बघत होतो. आधी उघडले, मग गोल झाले. ती हाक मी जन्मभर ऐकली आहे, ओठांवरून कळायला वेळ लागला नाही.

"अहो," दाराआडून आवाज आला.

तिचे ओठ पुन्हा हलले.

"पाणी," देवघरातून आलं. भरलेल्या आवाजात नव्हे. घोगऱ्या, थकलेल्या आवाजात, आजारी हेमलताच्या.

माझे पाय उठले होते, सवयीने. अर्धा वळलोही होतो दाराकडे. तिने हात सोडला नाही. मी परत बसलो. उशाशी ठेवलेला तांब्या घेतला, तिच्या मानेखाली हात घालून डोकं वर केलं आणि भांडं ओठांना लावलं. ती प्यायली. गळ्याची हाडं वर-खाली झाली, थोडं पाणी हनुवटीवरून ओघळलं, ते मी तिच्या पदराने पुसलं.

घोट गिळल्याचा आवाज देवघरातून आला.